तीन चाव्यांचा फेरा

योगेशचा लॅपटॉप रविवार सकाळपासून चालू होता. मंगळवारी संध्याकाळी तो तसाच चालू ठेवून, वायरसकट उचलून, त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. आतला पंखा असा घरघरत होता की मी आधी लोणच्याची बरणी लांब सरकवली.

“बाई, अजून दोनशे बावन्न दिवस दाखवतोय,” तो म्हणाला.

“आणि तुला उत्तर कधी हवंय?”

“शनिवारी शटडाऊन आहे ने.”

वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावायची सवय सिल्वासात वाढलेल्या आमच्या सगळ्या मुलांना आहे. घरात मराठी, गल्लीत गुजराती, कारखान्यात हिंदी. योगेशला मी अकरावी-बारावीला गणित शिकवलं. आता तो पाणीपुरवठ्याकडे ज्युनिअर इंजिनिअर आहे, आणि अडला की अजून माझ्याकडेच येतो. याचा मला राग यायला हवा. येत नाही. सव्वीस वर्षं झाली मला राजापूरहून इथे येऊन, आणि एवढ्या काळात गणितासाठी माझ्या दारात आलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

त्याची अडचण अशी होती. खडोलीच्या रस्त्यावर जमिनीखाली मोठ्या पाइपाचा एक सांधा गळत होता. तो बदलायला दीड दिवस लागणार होता, शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. तेवढा वेळ टाकीतलं पाणी त्या सांध्यापर्यंत कुठूनही पोचता कामा नये. त्या भागात वॉल्व्ह होते एकूण एकेचाळीस. त्यातले कमीत कमी किती बंद करायचे, आणि कुठले? कमीत कमी एवढ्यासाठी, की वॉल्व्ह जुने आहेत. बंद करताना एखाद्याचा दांडा मोडला तर दीड दिवसाचं काम आठवड्यावर जातं.

“मग तू काय केलंस?”

“प्रत्येक वॉल्व्ह एकतर उघडा नाहीतर बंद. सगळे पर्याय तपासायला लावले.”

“सगळे म्हणजे किती, माहीत आहे?”

त्याने मान खाली घातली. दोनाचा एकेचाळिसावा घात. सुमारे दोन लाख वीस हजार कोटी. बिचारं यंत्र सेकंदाला लाखभर पर्याय तपासत होतं आणि घामाघूम झालं होतं. मी म्हटलं, “बंद कर ते. आणि नकाशा काढ कागदावरचा.”

आता इथे मला माझं जुनं दुखणं सांगायला हवं. एमएस्सीला असताना माझा जीव जडला होता तो प्रतलीय आलेखांवर. नाव जड आहे, वस्तू सोपी आहे. कागदावर ठिपके काढायचे, ते रेघांनी जोडायचे, आणि एकही रेघ दुसरीवरून जाऊ द्यायची नाही. बस, झाला प्रतलीय आलेख. रेघांवर बाण नसले तर तो दिशाहीन. त्यात पीएचडी करायची होती. मग नोकरी आली, आईचं आजारपण आलं, इथली बदली आली, आणि ते राहून गेलं ते गेलंच. तरी अजून मी त्यातले नवे निबंध उतरवून घेते आणि सुट्टीत वाचते. शेजारच्या सुधाकररावांना वाटतं मी राशिभविष्य बघते, कारण कागदावर नुसती वर्तुळं असतात.

योगेशने नकाशा पसरला. जिथे पाइप मिळतात ते ठिपके, पाइप म्हणजे रेघा. मला बरं वाटलं. पण प्रत्येक पाइपावर त्याने निळा बाण काढला होता.

“हे काय?”

“पाणी कुठून कुठे जातं ते.”

“इकडचा वॉल्व्ह बंद केलास तर तेच पाणी उलटं फिरून तिकडून येईल की नाही?”

“येईल.”

“मग पुस ते बाण. पाणी तुझे बाण वाचत नाही.”

बाण पुसून झाल्यावर मी दुसरा प्रश्न विचारला. “एखादा पाइप दुसऱ्याच्या खालून, न जुळता, सरळ जातो असं कुठे आहे का?” तसं असेल तर माझा आलेख कागदावर बसणार नव्हता. नकाशावरून योगेशला सांगता येईना. त्याने आबांना फोन लावला.

आबा म्हणजे या भागाचे चावीवाले; वॉल्व्हला इथे सगळे चावीच म्हणतात. खानदेशातले, धुळ्याकडचे, अजून ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारे. सुरुवातीला धाग्याच्या कारखान्यात आले, मग पाण्याच्या लाइनवर लागले आणि अठरा वर्षं इथल्या चाव्या फिरवत आले. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. फोनवर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “एकच शे तसा. टाकीत चढनारा. त्याचं याच्याशी काही घेनं नही. बाकी जिथं भेटतं तिथं जुळतंच.”

झालं. टाकीत चढणारा पाइप सोडून दिला आणि उरलेला नकाशा मी बटर पेपरवर उतरवून घेतला.

“आता पाइप विसर,” मी म्हटलं. “पाइपांच्या मधल्या जागा बघ. ही सोसायटी, हे वांग्याचं वावर, हे कारखान्याचं आवार. सांध्याला टाकीपासून तोडायचं म्हणजे काय? या जागांमधून चालत त्याच्याभोवती एक फेरा मारायचा आणि निघालो तिथे परत यायचं. वाटेत जे पाइप ओलांडशील तेच बंद करायचे. कमीत कमी चाव्या म्हणजे सगळ्यांत छोटा फेरा. दोन लाख कोटींची गरज नाही.”

“पण फेरे तरी किती असतील, बाई!”

“असू देत. टाकीपासून सांध्यापर्यंत जाणारी कुठलीही एक लाइन धर. फेरा कसाही मारलास तरी ही लाइन कुठेतरी ओलांडावीच लागेल ना?”

त्या लाइनीवर सात वॉल्व्ह होते. सातांतल्या प्रत्येकावरून निघून सर्वांत छोटा फेरा काढायचा आणि त्यातला छोटा निवडायचा. त्यातही एक गंमत आहे, जी मला पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर आनंद देऊन गेली होती. आधी मधला घ्यायचा. मधल्या वॉल्व्हवरचा फेरा एकदा आखला की टाकीकडच्या वॉल्व्हचे फेरे त्याच्या बाहेर राहतात आणि सांध्याकडच्यांचे आत. कुणाला कुणाच्या अंगणात शिरावं लागत नाही. कामाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा लहान होत जातो.

मग आम्ही आकडे मांडायला बसलो. वॉल्व्हच्या एका बाजूच्या जागेवर शून्य. तिथून एक पाइप ओलांडून जिथे पोचता येतं तिथे एक. त्यापुढे दोन. असं करत त्याच वॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूला यायचं. मधल्यावरून फेरा आला चारचा. अलीकडे पाचाच्या खाली काही येईना. पलीकडे, सांध्याच्या जवळ, बारा नंबरवरून निघालो आणि फेरा मिळाला तीनचा. बारा, बावीस आणि एकतीस. दीड तास लागला, त्यात चहाही झाला.

योगेश तोंड उघडं टाकून बसला होता. मला, खोटं कशाला सांगू, फार मोठं वाटत होतं.

“पण आबा तर पाच बंद करतात,” तो म्हणाला. “नेहमी. सात नंबरपासून सुरू करून.”

मी सात नंबर शोधला. तो टाकीकडून दुसरा वॉल्व्ह. तिथून निघालं तर सर्वांत छोटा फेरा बरोबर पाचाचा होता आणि ते पाच वॉल्व्ह आबांचेच. ज्या माणसाने आलेख हा शब्द ऐकला नाही त्याने सात नंबरवरून काढता येईल तेवढं उत्तम उत्तर नुसतं पायी हिंडून काढलं होतं. माझ्या मनात त्या माणसाबद्दल एकदम आदर दाटून आला.

“सातवरूनच का निघतात?” मी विचारलं.

योगेशने खांदे उडवले. “तिथे त्यांची चाळ आहे.”

कागदावरचं उत्तर कागदावर खरं असतं, म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर मी आबांना घेऊन तो फेरा चालायला निघाले. आबा सडपातळ, उंच, डोक्यावर टोपी. इंग्रजी टी अक्षरासारखी त्यांची लोखंडी चावी सायकलला आडवी बांधलेली. मी म्हटलं, “आज रस्त्याने नाही जायचं. मधून जायचं.”

“मधून कुठून?”

“वावरातून, आवारातून. जिथे पाइप नाही तिथून.”

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे बघितलं आणि सायकल पानाच्या गादीला टेकवून ठेवली. बारा नंबरच्या झाकणावरून आम्ही निघालो. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून गेलो, गटार ओलांडलं, एका वावरातल्या बाईने “क्यां जाओ छो?” म्हणून हटकलं तेव्हा आबांनी तिला गुजरातीत काहीतरी समजावलं आणि तिने दोन वांगी दिली. रस्ता आला की मी थांबायची. “इथे खाली पाइप आहे?” आबा म्हणायचे, “बावीसची लाइन.” मग पुढे. सरकारी क्वार्टरांच्या मागून, म्हणजे माझ्याच घराच्या मोरीमागून, आम्ही पार त्या टोकाला एकतीसवर गेलो. तिथून परत बारावर. तीन वेळा पाइप ओलांडला. चौथ्यांदा नाही.

 बाराच्या झाकणाजवळ आबा उकिडवे बसले. बोटाने मातीत काहीतरी काढलं, पुसलं.

“एकतीस,” ते म्हणाले. “एवढ्या लांबची. मले कधी वाटलंच नही तिचा काही संबंध शे म्हनून. पन खरं शे. तीनच लागतात.”

“आणि सात नंबर फेऱ्याच्या बाहेर राहतो. तुमच्या चाळीला पाणी राहील, आबा.”

यावर ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, “सात बंद करावीच लागंल.”

“कशाला? गरजच नाही.”

“गरज पान्याला नही बाई. मले शे.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांना हे काम शिकवलं चिंधा नावाच्या जुन्या चावीवाल्याने. चिंधाच्या आधीच्या माणसाला एका सोसायटीत लोकांनी मारलं होतं, कारण त्यांच्याकडे पाणी नसताना त्याच्या गल्लीत नळ चालू होता. चिंधाने आबांना पहिल्या दिवशी एकच नियम दिला. जिथे राहतोस तिथली चावी पहिली फिरव, मग गावात कुठेही जा. आबांनी अठरा वर्षं तेच केलं. कुणी भांडायला आलं की ते म्हणायचे, माझ्या घरी येऊन नळ उघडून बघा. समोरचा गप्प व्हायचा. आमच्या क्वार्टरांमध्येसुद्धा शटडाऊनला कुरकुर झाली की सुधाकरराव म्हणायचे, “जाऊ द्या, आबा स्वतःच कोरडा आहे.”

“आनि आता नातू झालाय,” आबा म्हणाले. “बारा दिवसांचा. या येळेला नेमकी चाळ सोडली तर लोक काय म्हनतील? जाता जाता आबानं नातवासाठी पानी राखलं. हा शेवटचा बंद शे माझा. माझ्या पद्धतीनं होऊ द्या.”

मला राग आला. गणिताला नातू नसतो, असं काहीतरी मी तावातावाने बोलले. ते ऐकून घेत माझ्या पुढे चालत राहिले आणि चाळीपाशी आल्यावर म्हणाले, “चहा घेऊन जा.”

आबांची खोली चाळीच्या टोकाला. त्यांची बायको कोंडाबाई दारात भांडी घासत होती. आत सून दुर्गा बाळाला घेऊन पडली होती. तिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच केलेलं. कोंडाबाईंनी हात पुसून मला पाट दिला. आणि तिथे माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. आबा ऐकत नाहीत तर बायको ऐकेल, असा हिशेब मी केला. वर माझा दीड तासाचा पराक्रम कुणालातरी सांगायचाच होता.

मी सगळं सांगितलं. फेरा काय, तीन चाव्या कशा. “तुमच्या चाळीचं पाणी बंद करायची गरजच नाही, कोंडाबाई! शनिवारी नाही आणि याआधीही कधी नव्हती.”

कोंडाबाई चहाचं पातेलं हातात घेऊन उभ्या राहिल्या.

“आधी बी नव्हती?”

“नाही ना. तो सांधा अडवायचा तर तीनच पुरतात. या भागातलं काम बहुतेक त्याच सांध्याचं निघतं, योगेश सांगत होता.”

“सहा वर्सांमागं, आखाजीच्या सणाच्या आदल्या दिवशी बंद होता,” त्या म्हणाल्या. “तवा बी हाच सांधा व्हता?”

मी आबांकडे बघितलं. आबा उंबऱ्यावर बसले होते, पाठ आमच्याकडे. “हां,” ते म्हणाले. “हाच.”

कोंडाबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. मनगटाचं हाड एका बाजूला फुगलेलं होतं, हात पुरता उलटा होत नव्हता. बोअरवेल चाळीपासून चारशे पावलं. दोन हंडे घेऊन येताना त्या घसरल्या होत्या. हाड वाकडं जुळलं. त्यानंतर कारखान्यातलं पॅकिंगचं काम सुटलं.

“म्हंजे त्या दिवशी नळाला पानी राहिलं असतं?”

काय उत्तर द्यायचं? मला खोटं बोलता आलं असतं. बोलायलाही हवं होतं कदाचित. पण वर्गात उभी राहून राहून मला प्रश्नाचं उत्तर द्यायची खोड लागली आहे. मी “हो” म्हटलं.

कोंडाबाईंनी चहा गाळला, मला दिला, आबांना दिला आणि आत जाऊन बाळाजवळ बसल्या. चहा चांगला होता. मी तो अर्धाच ठेवून उठले.

गुरुवारी योगेश म्हणाला, मी लेखी आदेश काढतो, तीनच वॉल्व्ह, विषय संपला. मी त्याला एक दिवस थांब म्हटलं. मला माझीच लाज वाटत होती. तीस वर्षं मी ज्या विद्येसाठी झुरले ती पहिल्यांदा कुणाच्या कामी आली, आणि तिने पहिलं काय केलं तर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात अबोला आणला.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत आबा शाळेत आले. इस्त्रीचा सदरा घालून, पालक सभेला आल्यासारखे. मी त्यांना रिकाम्या वर्गात नेलं. ते पहिल्या बाकावर बसले.

“तो तुमचा कागद शे का जवळ?”

होता. मी बटर पेपर बाकावर पसरला.

“पुन्यांदा बघता का एकदा?” त्यांनी विचारलं. “काही चूक निघती का. आकडा इकडचा तिकडं झाला असंल. मानसाकडून होतं.”

ते मला चूक काढायला सांगत नव्हते. ते चूक मागत होते. डोळ्यांत एवढी आशा होती की मला तिकडे बघवेना. मी पेन घेतलं आणि सगळं पहिल्यापासून मांडलं, एकेक जागा, एकेक आकडा, मोठ्याने बोलत. आबा बोट ठेवून माझ्याबरोबर सरकत होते. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवलं, “इथं नक्की?” आणि स्वतःच मान हलवली. सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं दारात जमली, मी त्यांना ग्रंथालयात पिटाळलं. शेवटी परत बारावर आलो. तीन.

“चूक नाही, आबा,” मी म्हटलं. “पण तुमचीही आकडेमोड चुकलेली नाही. सातवरून निघालं तर पाचाच्या खाली कुणालाच जाता येत नाही. मलाही नाही, त्या लॅपटॉपलाही नाही. तुम्ही शोधलंत ते तिथून सर्वांत चांगलं होतं.”

“फक्त सातवरून निघायचं नव्हतं.”

“हो.”

त्यांनी कागदावरच्या सातावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “दोन दिवस झाले, ती बोलत नही. काल एकच बोलली. म्हनाली, गावात तुमचं नाव मोठं झालं ते माझ्या या मनगटावर. मी म्हटलं, मले काय माहीत, तीन पुरतात म्हनून? ती म्हनाली, माहीत नव्हतं ते सोडा. आता माहीत शे. आता काय करता ते सांगा.”

 त्यांना माझं उत्तर नको होतं. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली, टोपी सारखी केली आणि गेले.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी चाळीपाशी पोचले. योगेश आधीच येऊन उभा होता, खिशात आदेश होता, पण तो त्याने बाहेर काढला नव्हता. चाळीतल्या बायकांनी शटडाऊनचं ऐकून पिंपं, हंडे, बादल्या, बाळाचा टबसुद्धा भरून ओळीने मांडून ठेवला होता. आबा चावी खांद्यावर घेऊन बाहेर आले. सगळे वाट बघत होते की ते नेहमीसारखे सात नंबरच्या झाकणाशी वाकतील.

ते वाकले नाहीत. त्यांनी चावी भिंतीला टेकवली.

“पानी चालू राहील,” ते म्हणाले. “आज बी आनि उद्या बी. आनि ऐका. याच्या आधी बी ते बंद करायची गरज नव्हती. मी करत होतो. माझी चूक झाली. तुमी सगळ्यांनी जे हंडे वाहिले ते माझ्यामुळं वाहिले.”

 एका म्हातारीने नुसतंच “अरे देवा” म्हटलं आणि ती आत गेली. एक तरुण बाई रागाने काहीतरी पुटपुटली, आणि तो राग रास्तच होता. कोंडाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आबांकडे बघितलं, मग नळाखालची बादली उचलून बाजूला ठेवली.

आबांनी बारा बंद केली. बावीस बंद केली. बावीस जुनी, खूप कुरकुरली, योगेशने जोर लावायला हात दिला. तिथून एकतीसकडे जायला आमच्या क्वार्टरांवरून रस्ता, म्हणून आम्ही तिघे तिकडे आलो. फाटकात सुधाकरराव ब्रश हातात घेऊन उभे. आमच्याकडच्या नळाची धार बारीक झाली होती, एकतीस बंद झाली की तीही जाणार होती. आम्ही तिघे फेऱ्याच्या आतच होतो, मी, सुधाकरराव आणि त्यांचा ब्रश.

“काय आबा,” ते म्हणाले, “तुमच्या चाळीत पाणी चालू आहे म्हणे? आमचा चेतन आत्ता तिकडून आला.”

“हां. चालू शे,” आबा म्हणाले.

सुधाकरराव थांबले. आबा पुढे काही सांगतील असं त्यांना वाटलं असणार. अठरा वर्षं सांगत आले होते. आबा काही बोलले नाहीत.

“चालायचंच,” सुधाकरराव हसून म्हणाले. “नातू झालाय ना. जाता जाता एवढं तर प्रत्येकजण करतो.”

माझं डोकंच फिरलं. बटर पेपर पिशवीत होता, तो मी काढलासुद्धा. या माणसाला आता शून्यापासून आकडे मांडून दाखवते, ब्रश हातात धरून उभा करते तासभर, असं मी ठरवलं आणि तोंड उघडलं. आबांनी हात आडवा केला. मला जरा बाजूला घेऊन, सुधाकररावांना ऐकू जाणार नाही असं ते हळूच म्हणाले,

“राहू द्या, बाई. अठरा वर्सं हंडे तिनं वाहिले आनि शाबासकी मी घेतली. आता थोडं मले बी वाहू द्या.”

आणि चावी खांद्यावर सरळ करून ते एकतीसकडे चालू लागले.